गाळलेली ओळ

सोमवारी सकाळी आठ वाजता टेलरबाई माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मी दुधाचं करपलेलं पातेलं घासत होतो. बाईंचं लग्न शनिवारी झालं होतं आणि ते मीच लावलं होतं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवरी एकटीच पाळकाच्या मागच्या दारी येते, तेव्हा बातमी बरी नसते. एकतीस वर्षं पाळक म्हणून काढल्यावर एवढं कळतं.

"मिस्त्री बरे आहेत ना?" मी विचारलं.

"त्यांना काय धाड भरलीय! मी बहिणीकडे राहतेय. शनिवारपासून."

मी पातेलं खाली ठेवलं. "भांडण झालं?"

"भांडायला आधी लग्न लागावं लागतं. आमचं कुठे लागलंय?"

"बाई, सगळ्या मंडळीसमोर मी..."

"पाळकसाहेब, तुम्ही एक ओळ गाळलीत."

गाळली होती, आणि ते मला ठाऊक होतं. फक्त दुसऱ्या कोणाला कळलं नसेल असं दोन दिवस धरून चाललो होतो.

बाईंना कळणार नाही असं मला वाटलंच कसं, हे आता लिहिताना नवल वाटतं. चर्चच्या समोरच त्यांचं दुकान आहे. पस्तीस वर्षं त्यांनी आमच्या मंडळीतल्या मुलींचे लग्नाचे झगे शिवले. आणि झगा देऊन त्या मोकळ्या होत नाहीत. लग्नाच्या दिवशी सुई, दोरा आणि टाचण्यांची डबी घेऊन पहिल्या बाकाच्या कडेला बसतात, ऐन वेळी हुक निघाला, शिवण उसवली तर हाताशी असावं म्हणून. त्या कडेला बसून त्यांनी लग्नाची वचनं इतक्या वेळा ऐकली आहेत की माझी जीभ अडखळली तर त्यांचे ओठ पुढे जातात. स्वतःचं लग्न मात्र छप्पन्नाव्या वर्षी. नवरा म्हणजे सुतारकाम करणारे मिस्त्री, त्रेसष्ट वर्षांचे, विधुर.

"चुकून राहिली असेल," मी म्हटलं.

बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. पायघोळ झगा वीतभर आखूड शिवून आणणाऱ्या शिकाऊ मुलीकडे त्या असंच पाहत असाव्यात.

"चुकून राहिली असेल तर आत्ता म्हणा. मी मिस्त्रींना बोलावते. चार शब्द तर आहेत."

"आत्ता नको. कंबर..."

"कंबर की जीभ?"

मी पुन्हा पातेलं उचललं. काहीतरी करायला हवं होतं.

"हे बघा बाई," मी पाळकाचा आवाज काढला. "नोंदवहीत तुमच्या दोघांच्या सह्या आहेत. साक्षीदारांच्या आहेत. माझी आहे. कायद्यानं तुमचं लग्न लागलेलं आहे."

"लागलं असेल कायद्यानं. मी कायद्याशी कुठे लग्न केलंय?"

बाई स्टुलावर बसल्या. आवाज थोडा खाली आला.

"साहेब, इतक्या मुली मी तुमच्यासमोर उभ्या केल्या. प्रत्येकीला तुम्ही सगळं म्हणायला लावलंत. ज्यांचं वर्षभर टिकलं नाही त्यांनासुद्धा. माझ्याच वेळी टाका कमी? आयुष्यभर बाजूला बसून ऐकलं मी ते. एकदा मधे उभं राहून म्हणायचं होतं. पुरं."

"दुसरे पाळक आहेत. तलावापलीकडच्या मंडळीचे. मी त्यांना सांगतो."

"त्यांना पाळकीणबाई ठाऊक नव्हत्या," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "गुरुवारी माझं दुकान अर्धा दिवस. चार वाजता आम्ही चर्चमध्ये येतो. तुम्ही म्हणा, आम्ही म्हणतो."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर मिस्त्री एकटे जेवतील. स्वयंपाक त्यांनाही तुमच्याइतकाच येतो." पातेल्याकडे एक नजर टाकून त्या निघून गेल्या.

पाळकीणबाई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. मंडळीतले सगळे तिला पाळकीणबाईच म्हणत, आणि काही जण तर मला 'पाळकीणबाईंचे मालक' म्हणून ओळखत. ते बरोबरच होतं. माझं प्रवचन रविवारी लोक ऐकायचे, पण ते खरं तपासलं जायचं शनिवारी दुपारी, आमच्या स्वयंपाकघरात. ती भाजी चिरत बसायची आणि मी टेबलाच्या या टोकाला उभा राहून वाचून दाखवायचो. ती बोलायची नाही. सुरी पाटावर टक टक चालू असली की समजायचं, ठीक आहे. कुठे मी मनात नसलेलं, नुसतं कानाला बरं वाटणारं काही बोललो, की सुरी थांबायची. ती वरही बघायची नाही. सुरी हवेत धरून बसायची. मी ते वाक्य खोडायचो, मग टक टक पुन्हा सुरू. एकदा आशेवरच्या प्रवचनात सुरी इतक्या वेळा थांबली की जेवायला तीन वाजले.

ती मंगळवारी गेली, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. तीन आठवडे अंथरुणाला होती.

त्यानंतर कोणाला पुरलं तरी मला त्रास झाला नाही. लोकांना वाटायचं की अंत्यविधी मला जड जात असतील. उलट, कबरीशी उभं राहून जे म्हणायचं ते माझं मीच ऐकत होतो, मला हवंच होतं ते. अडलं ते लग्नापाशी. वचनांच्या शेवटी ती ओळ येते, 'मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत'. आधी शेकडो वेळा म्हटली होती. पण बायको गेल्यावर पहिल्यांदा एका लग्नाची तयारी करायला पुस्तक उघडलं, आणि ती ओळ मला निराळीच दिसली. कोणीतरी समोर बसून शांतपणे सांगावं तशी: मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांपर्यंत. मुदत होती, ती संपली. आता तुम्ही तिचे कोणी लागत नाही.

आणि मी तर अंगठी काढली नव्हती. संध्याकाळी पाच वाजता अजून दोन कप खाली काढत होतो, मग एक परत ठेवत होतो. आपण पुन्हा भेटणार यावर माझा विश्वास आहे, तो काही हललेला नाही. पण तो विश्वास मोठा आहे आणि दूरचा आहे. पाच वाजता दुसऱ्या कपाचं काय करायचं ते तो सांगत नाही.

त्या लग्नाच्या वेळी मी कंबर धरली. उभं राहवत नाही म्हणून तलावापलीकडच्या पाळकांना पाठवलं. पुढच्या लग्नालाही कंबर धरली. तिसऱ्यालाही. मंडळीत कोणी मला तेल आणून दिलं, कोणी पट्टा. पट्टा मी दोन रविवार लावलाही, खोटं अंगाशी येऊ नये म्हणून. पाळकानं असं करू नये हे मला कळत होतं.

टेलरबाईंना मात्र नाही म्हणता आलं नाही. बायको अंथरुणाला होती त्या तीन आठवड्यांत त्या रोज दुपारी दुकान बंद करून यायच्या. सोबत काजं करायचं काम आणायच्या आणि हिच्या उशाशी बसून करत राहायच्या. धीराच्या गोष्टी नाहीत, प्रार्थना नाही, नुसती बसलेली बाई आणि सुईदोरा. ही म्हणायची, "त्या आल्या की मला आजारी असल्यासारखं वाटत नाही." शेवटी पुरताना हिला निळा झगा घालायचा ठरला तेव्हा बाईंनी तो न विचारता नेला आणि दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं आत घेऊन आणला. ही किती वाळली होती ते त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्या बाईंसमोर मी कंबर कशी धरणार?

म्हणून शनिवारी उभा राहिलो. सुखात म्हणालो, दुःखात म्हणालो, आजारपणात म्हणालो, आणि त्या ओळीपाशी आल्यावर माझ्या तोंडातून निघालं, "अंगठ्या कुठे आहेत?" बस्स. कोणी चुळबुळ केली नाही. बाई एक क्षण तशाच उभ्या राहिल्या होत्या, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मंगळवारी मी मिस्त्रींच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. मिस्त्री एका फळीला रंधा मारत होते. मला पाहून थांबले नाहीत.

"या साहेब. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय निघालाय. तीही माझ्यासारखीच, अर्धी."

"मिस्त्री, माझ्यामुळे तुम्हाला..."

"माझी चूक काय ते तेवढं सांगा. मला तर कळलंही नाही काही गळालं म्हणून. माझं सगळं लक्ष बुटांत. नवे बूट, असे चावत होते की तुम्ही मला फाशीची शिक्षा वाचून दाखवली असती तरी मी 'होय, कबूल' म्हटलं असतं." त्यांनी रंधा ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नवं कपाट होतं, अरुंद अरुंद खणांचं. "दोऱ्याच्या रिळांसाठी. अठ्ठेचाळीस खण. चार महिने करतोय. ती आली की घरी न्यायचं, असं ठरवलं होतं. आता मी आणि कपाट एकमेकांकडे बघत बसतो."

मी त्या निघालेल्या पायाच्या खुर्चीकडे बघत त्यांना सगळं सांगितलं. कंबरेचं खोटं सांगितलं, मुदतीचं सांगितलं. आधी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. सांगून झाल्यावर मी वाट पाहिली. लोक माझ्याकडे येऊन सांगतात आणि मग अशीच वाट पाहत असतील, हे तेव्हा लक्षात आलं.

मिस्त्रींनी फळीवर हात फिरवला. कुठेतरी खडबडीत लागलं असावं, तिथे परत दोन हात रंधा मारला.

"मी ती ओळ म्हटलीय एकदा," ते म्हणाले. "पहिल्या बायकोच्या वेळी. तुमच्या आधीचे पाळक होते, जाड भुवयांचे. तेव्हा काय कळतंय? मरण म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. पण म्हटली. आणि निभावली, साहेब. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती. रोज विचारायची, तुम्ही कोण? मी म्हणायचो, सुतार. दार नीट करायला आलोय. मग ती म्हणायची, बरं, करा. नऊ महिने रोज एकच दार नीट केलं."

"मग ती गेल्यावर? आता ती तुमची कोणी नाही?"

"असं कोण म्हणतं?"

"ती ओळ म्हणते."

"ओळ कुठे म्हणते? तुम्ही म्हणता." मिस्त्रींना जरा राग आला होता. "हे बघा, मी खुर्ची करतो. पुरी झाली की हात काढून घेतो. म्हणजे काय खुर्ची मोडते?"

"बायको म्हणजे खुर्ची नव्हे, मिस्त्री."

"नाहीच. खुर्ची उलटून बोलत नाही." मग हसले आणि म्हणाले, "रविवारी मी टेलरबाईंना पहिलीच्या नावानं हाक मारली. चर्चच्या फाटकात. बहिणीकडे राहायचं आता ते दुसरं कारण. तेव्हा पहिली कुठे गेली नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो."

मला त्यांचं सगळं पटलं असं नाही. खुर्चीचं तर अजूनही पटलेलं नाही. पण घरी येताना त्यांचा एक शब्द माझ्या मागे मागे आला: निभावली. मी त्या ओळीकडे फक्त मुदत म्हणून पाहत होतो. ती पार पाडायची गोष्ट होती आणि कोणीतरी ती पार पाडतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि प्रवचनं मी द्यायची!

बुधवारपर्यंत गोष्ट साऱ्या मंडळीत पसरली होती. चर्चची घंटा वाजवणारे घंटाकाका झाडू घेऊन आले आणि अंगण झाडता झाडता म्हणाले, "साहेब, माझं लग्न कोणी लावलं होतं ते आठवतंय का तुम्हाला?"

"मी नव्हतो तेव्हा."

"नाही, विचारून ठेवलेलं बरं. काही गळालं असेल तर म्हातारीला सांगेन, बाई, तू मोकळी, मीही मोकळा."

"काका, झाडा."

"झाडतोय की. उद्या चार वाजता येऊ ना मी? साक्षीला?"

"तुम्हाला कोणी बोलावलंय?"

"चर्चची किल्ली माझ्याकडे असते," काका म्हणाले. ते खरंच होतं.

दुपारी मी जेवण करायला घेतलं. पाट काढला, बटाटे घेतले, आणि मनाशी म्हटलं, आता इथेच म्हणून बघू. उद्या तोंडघशी पडण्यापेक्षा बरं. मी चिरता चिरता वचनं म्हणू लागलो. सुखात, टक टक. दुःखात, टक टक. आजारपणात आणि आरोग्यात. मग ती ओळ आली आणि माझी सुरी थांबली. माझीच. हवेत धरून बसलो होतो, अगदी तिच्यासारखा.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते, शाळेत शिकवते.

"बाबा, हे काय ऐकते मी? तुम्ही टेलरमावशींचं लग्न अर्धंच लावलंत?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं ते विचारा. काय राहिलं?"

मी सांगितलं काय राहिलं. ती म्हणाली, "आई असती तर?"

"सुरी थांबली असती."

"ओळ म्हटलीत म्हणून, की गाळलीत म्हणून?"

मास्तरीण झाली आहे, प्रश्न बरोबर विचारते. "गाळली म्हणून," मी म्हटलं. हे उत्तर मला आधी सुचलं नव्हतं, बोलताना सापडलं.

"मग झालं तर," ती म्हणाली. "जेवलात?"

"बटाटे चिरतोय."

"पाणी आधी उकळू द्या बाबा. आणि झाकण ठेवा."

गुरुवारी मी साडेतीनलाच चर्चमध्ये जाऊन बसलो. दुपारी रिकामं चर्च मला आवडतं. बाकांना कालच्या पुसण्याचा ओलसर वास असतो, बाहेरून एखादी सायकल गेलेली ऐकू येते. बसून मी प्रार्थना केली. मोठी नाही. एवढंच म्हटलं की ही बाई माझ्या बायकोच्या उशाशी बसली होती, तिचं काम अडू देऊ नकोस, मग माझं काय व्हायचं ते होवो.

बरोबर चारला बाई आल्या. दुकानातून तशाच, गळ्यात मापाची टेप. मागे त्यांची बहीण, आणि तिच्याही मागे मिस्त्री, जुन्या बुटांत. घंटाकाका खांबाशी उभे होते, जणू खांबाला टेकू देत होते.

"पहिल्यापासून म्हणू या," मी म्हटलं.

"पहिल्यापासूनच," बाई म्हणाल्या. "मधूनच जोड दिला तर दिसतो."

दोघांनी हात हातात घेतले. मी म्हणत गेलो, आधी मिस्त्री म्हणाले, मग बाई. सुखात. दुःखात. आजारपणात आणि आरोग्यात. मग मी थांबलो.

पुस्तक हातात होतं आणि ओळ डोळ्यांसमोर होती. घंटाकाका खोकले. मिस्त्रींनी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला. बाईंना ती ओळ पाठ होती. त्यांनी नुसते ओठ हलवले असते तरी मी त्यांच्या मागे म्हटली असती. पण त्यांचे ओठ मिटलेले होते.

"मी सांगणार नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणायची. सावकाश होऊ द्या. दुकान बंद करूनच आलेय."

आणि त्या थांबल्या. हिच्या उशाशी बसायच्या तशाच, घाई न करता.

मला तो मंगळवार आठवला. मी तो चौदा महिने आठवत होतो, पण नेहमी चार वाजून दहा मिनिटांपासून पुढे. त्या क्षणी मला त्याच्या आधीचा वेळ आठवला. मी तिचा हात धरून बसलो होतो. तिनं विचारलं होतं, "जेवलात?" मी हो म्हटलं होतं, आणि ते खोटं होतं, आणि तिनं डोळे न उघडता माझ्या हातातली आपली बोटं थांबवली होती. सुरीसारखी. मी म्हटलं, "नाही जेवलो. नंतर जेवेन." मग बोटं पुन्हा हलली. मी तिथेच होतो. चोवीस वर्षांचा असताना न कळता एक शब्द दिला होता, आणि तो जिथवर पाळायचा होता तिथवर मी तिच्यासोबत गेलो होतो. कुठे कंबर धरली नव्हती.

"मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत," मी म्हटलं.

आवाज फाटला, पण शब्द पुरे आले.

मिस्त्रींनी ते इतक्या घाईनं म्हटलं की सगळे शब्द एकमेकांवर चढले.

"अहो मिस्त्री, गाडी सुटतेय का?" बाई म्हणाल्या. "नीट म्हणा. मी ऐकतेय."

मिस्त्रींनी पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा सुटा. मग बाईंनी म्हटलं. पस्तीस वर्षं कडेला बसून ओठांतल्या ओठांत म्हटलेली ओळ त्यांनी अशा आवाजात म्हटली की खांबाशी काका ताठ उभे राहिले. म्हणून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"आता लागलं," त्या म्हणाल्या आणि मिस्त्रींपुढे हात पसरला. "किल्ली द्या घराची."

मिस्त्री खिसे चाचपू लागले. किल्ली कारखान्यात राहिली होती. बाईंची बहीण हसत सुटली, आणि तिचं थांबेना तेव्हा मीही हसलो. त्या चर्चमध्ये मी चौदा महिन्यांत हसलो नव्हतो.

तेवढ्यात घंटा वाजू लागली. मी कोणाला वाजवायला सांगितलं नव्हतं. गुरुवारी आडवेळी घंटा ऐकून समोरचे दुकानदार रस्त्यावर आले. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच फाटकात आला आणि घाबरून ओरडला, "कोण गेलं?"

"टेलरबाई गेली!" घंटाकाका दोर ओढता ओढता वरून ओरडले. "मिस्त्रीच्या घरी गेली!"

बेकरीवाल्यानं कपाळाला हात लावला, त्याबरोबर कपाळही पांढरं झालं. लोक हसले, मिस्त्रींच्या पाठीवर थापा पडल्या. बाई कोणाकडेही न बघता रस्ता ओलांडून दुकानाकडे चालू लागल्या होत्या, कपाटात भरायची रिळं आणायला.

सगळे पांगल्यावर बेकरीवाला मात्र घुटमळत राहिला.

"साहेब, मुलीचं लग्न ठरतंय. पुढच्या महिन्यात. तलावापलीकडच्या पाळकांना सांगू का? तुमची कंबर..."

"कंबरेला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे बरी झाली?"

मी होय म्हणून मोकळा होणार होतो. सोपं होतं. "कंबर कधीच दुखत नव्हती," मी म्हटलं. "ती गेल्यापासून मला ती ओळ म्हणवत नव्हती, म्हणून खोटं सांगत होतो. आता म्हणवते. मुलीचं लग्न मीच लावतो, तुझी हरकत नसेल तर."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "मग तो पट्टा परत द्या साहेब. माझा होता. माझी खरंच दुखते."

संध्याकाळी पाच वाजता मी कप काढले. हात सवयीनं दोनांवर गेला. आज मी एक परत ठेवला नाही. तो तिथेच ठेवला, टेबलाच्या त्या टोकाला, पालथा. मग पाट घेतला आणि रविवारचं प्रवचन मोठ्यानं वाचत बटाटे चिरू लागलो. एका जागी, धीराबद्दल मी काहीतरी भारी लिहून ठेवलं होतं, तिथे सुरी आपोआप थांबली. मी पेन घेतला, ते वाक्य खोडलं आणि त्याजागी लिहिलं की वाट पाहणारा माणूस दुकान बंद करून आलेला असावा.

टक टक पुन्हा सुरू झालं. पाणी मात्र आधी उकळायला ठेवायचं होतं, ते राहूनच गेलं होतं.